जवळचा द्वारपाल

एकत्र कुटुंबांतील एक रीत आमच्या वाचकांच्या परिचयाची असेल. वाडा मोठा असला, म्हणजे कोठीच्या किल्ल्या थोरल्या वहिनींच्या कमरेला असतात. परंतु मागील चौकांत बाळंतीण असली, तर तेथील फडताळाची एक किल्ली त्या चौकांतल्या जाऊबाईंच्या हवालीं केलेली असते. मध्यरात्रीं लेंकराला औषध हवें झालें, तर सगळा वाडा जागवीत पुढील सोप्यापर्यंत जाण्याची पाळी येऊं नये, हा त्यांतील हेतु. पण नुसती किल्ली देऊन काम भागत नाहीं. ती किल्ली कोणाजवळ आहे, हें त्या चौकांतील सर्वांस ठाऊक असावें लागतें. ठाऊक नसेल, तर किल्ली चार हातांवर असूनही माणूस अंधारांत धडपडत पुढच्या सोप्याकडेच धांवणार.

एवढी साधी गोष्ट. पण तिचा विसर पडल्यामुळें एका पतसंस्थेच्या शाखेचा कारभार ऐन महापुरांत कसा बंद राहिला, आणि त्या चुकींत आमचा स्वतःचाही वांटा कसा होता, हें आज सांगावयाचें आहे. विषय संगणकाचा आहे. परंतु हल्लीं बहुतेक घरांतील कोणी ना कोणी अशा एखाद्या शाखेंत नोकरीस असतो, आणि बहुतेक घरांची थोडीफार ठेव अशा एखाद्या शाखेंत असते. म्हणून 'हें आमचें काम नव्हे' असें म्हणून वाचकांनीं पान उलटूं नये, अशी विनंति आहे.

इ. स. २०१९ चा ऑगस्ट महिना कोल्हापूरकर विसरणार नाहींत. राजाराम बंधाऱ्यापाशीं पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट मानतात. त्या वेळीं पाणी ५५ फुटांच्याही वर गेलें. पुण्याहून बंगळुरास जाणारा महामार्ग शिरोलीपाशीं कित्येक दिवस बंद होता, आणि गगनबावड्याकडे जाणारा रस्ता जागोजाग पाण्याखालीं गेला होता.

त्या गगनबावड्याच्या वाटेवरील एका गांवीं, कोल्हापुरांत मुख्य कचेरी असलेल्या एका पतसंस्थेची शाखा आहे. गांव उंचावर असल्यामुळें शाखेंत पाण्याचा थेंब शिरला नव्हता. व्यवस्थापक गांवांतच राहणारे. दोन्ही कारकून हजर. तिजोरींत रोकड होती, विजेसाठीं जनरेटर होता, आणि त्या शाखेपुरतें खात्यांचें सगळें दप्तर शाखेंतल्याच यंत्रांत होतें. म्हणजे धन, धनी आणि दप्तर हीं तिन्ही एका छपराखालीं होतीं. तरीही कारभार सुरू होईना! कारकुनानें आपलें नांव व पासवर्ड टाइप केला, कीं पडद्यावर उत्तर उमटे : लॉग-ऑन करून घेणारा सर्व्हर उपलब्ध नाहीं. कोल्हापुराशीं जोडणारी तार पुरांत तुटली होती, आणि आंत जाण्याची परवानगी त्या तारेच्या पलीकडे होती.

बाहेर रांग लागली. एका वृद्ध बाईंस नवऱ्याच्या औषधासाठीं तीन हजार रुपये हवे होते. पैसे त्यांचेच, पासबुक त्यांच्या हातांत, आणि व्यवस्थापक त्यांस वीस वर्षें ओळखणारे. परंतु मागील महिन्यानंतर खात्यांत काय जमा झालें, काय उचललें गेलें, हें दप्तर पाहिल्यावांचून कसें कळणार? व्यवस्थापकांनीं ते पैसे आपल्या खिशांतून दिले. पण खिसा एक आणि रांगेंतलीं माणसें तीस. पांच दिवस त्या शाखेचें दार उघडें होतें आणि कारभार बंद होता.

ही हकीकत ऐकून आमच्या वयाचा कोणीही माणूस म्हणेल, 'यापेक्षां लाल बासनांतली खतावणी बरी होती!' आम्हींही तसेंच म्हटलें असतें. पण तसें म्हणावयास आमचें तोंड नव्हतें. कारण अशाच प्रसंगासाठीं म्हणून, आदल्याच वर्षीं त्या शाखेंत एक स्वतंत्र सर्व्हर बसविला होता. त्याला हार घातला होता, नारळ फोडला होता. आणि त्याच्या बिलावर सही करणाऱ्या संचालकांत आम्हीही होतों. त्या वेळीं आम्हीं एकच प्रश्न विचारला होता, तो किंमतीचा. महापुरांत तो सर्व्हर शाखेच्या कोपऱ्यांत जनरेटरच्या विजेवर निमूटपणें चालू होता, आणि चार हातांवरील यंत्रें त्याला न विचारतां कोल्हापुराच्या नांवानें हांका मारीत होतीं.

पाणी ओसरल्यावर आमचा पुतण्या गणपतीसाठीं घरीं आला. तो पुण्यास संगणकांच्या जाळ्यांची देखभाल करतो. त्याला घेऊन आम्ही त्या शाखेंत गेलों. तार पूर्ववत् जोडली गेली होती. एका यंत्रापुढें बसून त्यानें काळ्या चौकटींत 'सेट लॉगॉनसर्व्हर' एवढेच दोन शब्द टाइप केले. आपल्याला आज आंत कोणीं सोडलें, त्या सर्व्हरचें नांव त्यानें कळतें. नांव आलें तें कोल्हापुरच्या सर्व्हरचें.

"हें पाहा, काका," तो म्हणाला, "तुमचा द्वारपाल या खोलींत बसला आहे, आणि हें यंत्र रोज सकाळीं परवानगी मागायला कोल्हापूरला जातंय."

"अरे, पण शेजारचा याला दिसत नाहीं काय?"

"यंत्राला अंतर कळत नाहीं, काका. त्याला यादी कळते. ती यादी तुम्ही कोणीं केलीय?"

यादी कोणींच केली नव्हती. ती कसली यादी, हें समजण्यासाठीं या द्वारपालाचें काम थोडें जाणून घेतलें पाहिजे.

एका संस्थेच्या सगळ्या संगणकांचें व माणसांचें मिळून जें कुटुंब होतें, त्याला 'डोमेन' म्हणतात. आणि कोण आपला, कोण परका, हें ठरविणाऱ्या सर्व्हरला 'डोमेन कंट्रोलर'. मायक्रोसॉफ्ट कंपनीनें फेब्रुवारी २००० मध्यें 'ॲक्टिव्ह डिरेक्टरी' या नांवानें ही व्यवस्था बाजारांत आणली. तींतील ओळख पटविण्याची रीत मात्र त्याहून जुनी आहे. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेंत १९८३ सालीं 'अथीना' नांवाचा प्रकल्प सुरू झाला. त्यांत ती जन्मास आली, आणि तिला ग्रीक पुराणांतील पाताळाच्या दारावरचा तीन तोंडांचा कुत्रा जो केर्बेरॉस, त्याचें नांव देण्यांत आलें. ऋग्वेदांतही यमाच्या वाटेचे रखवालदार असे चार डोळ्यांचे दोन सारमेय आहेत. त्यांतील 'शबल' या शब्दाचें केर्बेरॉसशीं नातें कांहीं पंडितांनीं जोडलें, इतरांस तें मान्य नाहीं. पण दाराशीं राखणीला कुत्रा बसवावा, ही बुद्धि दोन्हीकडे सारखीच.

या राखणदाराची रीत मोठी चोख आहे. माणसाचा पासवर्ड तारेवरून कधीं पाठविलाच जात नाहीं. यंत्र त्या पासवर्डापासून एक किल्ली घडवितें, त्या क्षणाची वेळ त्या किल्लीनें कुलूपबंद करतें, आणि तें पुडकें द्वारपालाकडे धाडतें. द्वारपालाजवळ त्या माणसाची जी किल्ली असते, तिनें पुडकें उघडलें, म्हणजे माणूस खरा. मग त्यास एक परवाना मिळतो. हा परवाना सामान्यतः दहा तास चालतो, आणि तो दाखवून आंतील प्रत्येक दालनासाठीं निराळी चिठ्ठी मिळते. यंत्राचें घड्याळ आणि द्वारपालाचें घड्याळ यांत पांच मिनिटांहून अधिक फरक असेल, तर पुडकें शिळें समजून परत फिरविलें जातें. शाळेंत घंटेनंतर पांच मिनिटांपर्यंत येणाऱ्या मुलांस आम्हीही वर्गांत घेत होतों, त्यापुढें नाहीं. त्यामुळें हा नियम आम्हांस परका वाटला नाहीं.

आतां मुख्य मुद्दा. एका संस्थेचे द्वारपाल अनेक असतात. सकाळीं यंत्र सुरू झालें, कीं तें प्रथम पत्त्यांच्या वहीला, म्हणजे डीएनएस सर्व्हरला, विचारतें : आमच्या डोमेनचे द्वारपाल कोण कोण? वही सगळीं नांवें सांगते. यंत्र त्यांतील एकाचें दार ठोठावतें. तो द्वारपाल ठोठावणाऱ्याचा क्रमांक पाहतो. समजा, कोल्हापुरच्या मुख्य कचेरींतील यंत्रांचे क्रमांक १९२.१६८.१ नें सुरू होतात आणि शाखेंतील यंत्रांचे १९२.१६८.७ नें. आरंभीचे तीन आंकडे गल्लीचे, शेवटचा घराचा. गल्लीला 'सबनेट' म्हणतात. कोणती गल्ली कोणत्या गांवची, म्हणजे कोणत्या 'साइट'ची, याची एक नोंदवही प्रत्येक द्वारपालाजवळ असते. ती पाहून तो म्हणतो, 'तूं अमुक गांवचा. तुझ्या गांवीं दुसरा द्वारपाल आहे.' मग यंत्र त्या दुसऱ्याकडे जातें, आणि आपलें गांव लक्षांत ठेवून दुसऱ्या दिवशीं थेट तेथेंच जातें.

परंतु नोंदवहींत ती गल्लीच लिहिलेली नसेल, तर? तर द्वारपालास त्या यंत्राचें गांव सांगतां येत नाहीं. यंत्रही निमूटपणें, ज्यानें प्रथम दार उघडलें त्याच्याकडूनच परवाना घेतें. कोणी तक्रार करीत नाहीं, कारण काम होत असतें. मात्र द्वारपाल आपल्या रोजनिशींत एक ओळ लिहून ठेवतो, 'नो क्लायंट साइट', आणि त्यापुढें यंत्राचें नांव व क्रमांक. पुतण्यानें कोल्हापुरच्या सर्व्हरची ती रोजनिशी उघडली, तेव्हां शाखेंतील यंत्रांच्या नांवच्या अशा ओळी महिन्यामागून महिने लिहिलेल्या निघाल्या. द्वारपाल सांगत होता, वाचणारा कोणी नव्हता.

आणखी एक खूण रोज डोळ्यांपुढें होती. शाखेंत सकाळीं यंत्रें उघडावयास चार-पांच मिनिटें लागत. कारकून मंडळींनीं त्यावर उपाय काढला होता : तेवढ्यांत चहा उरकून घ्यावा! आम्ही दोनदां भेटीस गेलों, तेव्हां आम्हींही तो चहा घेतला होता.

तपासाअंतीं एकूण तीन उणिवा निघाल्या. पहिली, ही नोंदवहींतील. दुसरी अशी, कीं शाखेंतील यंत्रें पत्त्यांची वहीदेखील कोल्हापुरचीच वापरीत होतीं. म्हणजे तार तुटल्यावर शेजारच्या द्वारपालाचें नांव विचारावयाचें, तेंही तुटलेल्या तारेवरून! तिसरी उणीव समजावयास एक जुना प्रश्न आड येतो, त्याचा थोडा विचार करूं.

गांवच्या शाखेंत द्वारपाल बसवावयाचा, तर सगळ्या संस्थेच्या किल्ल्यांची नक्कल त्याच्या हवालीं करावी काय? मुख्य कचेरीस जाड भिंती, पहारा, कॅमेरे; गांवच्या शाखेस एक लोखंडी दार. कोणी तो सर्व्हर उचलून नेला, तर शेंकडों माणसांच्या किल्ल्या चोराच्या हातीं जावयाच्या. हा पेंच सुटावा म्हणून मायक्रोसॉफ्टनें २००८ च्या आवृत्तींत 'रीड-ओन्ली', म्हणजे केवळ वाचूं शकणारा, द्वारपाल आणला. त्याला नोंदींत फेरफार करतां येत नाहींत, आणि ज्यांचीं नांवें यादींत घातलीं असतील त्यांच्याच पासवर्डांची नक्कल तो जवळ ठेवतो. बाकीच्यांसाठीं तो दर वेळीं मुख्य कचेरीस विचारतो. तो चोरीस गेलाच, तर तेवढ्या दहापांच जणांचे पासवर्ड बदलले कीं झालें. व्यवस्था उत्तम, आमच्या शाखेंतला सर्व्हर याच जातीचा होता. मात्र त्याची यादी कोरी होती. म्हणजे यंत्रें त्याच्याकडे गेलीं असतीं, तरी त्यानें 'थांबा, कोल्हापुरास विचारतों' असेंच म्हटलें असतें.

येथें एक बारकावा फार जणांच्या ध्यानांतून निसटतो, असें पुतण्या म्हणाला. माणसाप्रमाणें प्रत्येक यंत्रालाही डोमेनमध्यें स्वतःचें खातें व पासवर्ड असतो. यादींत कारकुनांचीं नांवें घातलीं आणि त्यांच्या यंत्रांचीं विसरलीं, तर ऐन वेळीं दार उघडत नाहीं. शिवाय नांव घातल्यानें नक्कल आपोआप उतरत नाहीं. तार चालू असतांना त्या माणसानें एकदां त्या दारानें आंत जावें लागतें, किंवा देखरेख करणाऱ्यानें ती नक्कल आधींच मागवून ठेवावी लागते. विंडोज संगणक स्वतःहूनही अलीकडच्या दहा जणांची ओळख लक्षांत ठेवतो, आणि तार नसली तरी त्यांस आंत सोडतो. पण यंत्र चोरीस गेल्यास धोका नको, म्हणून संस्थेनें ती सोय मुद्दाम बंद केली होती. तें चुकलें असें नाहीं. मात्र एक वाट बुजवितांना दुसरी खुली आहे कीं नाहीं, हें पाहावयास हवें होतें, आणि तें पाहण्याचें काम आम्हां संचालकांचें होतें.

मागील वर्षीं आमच्या नगरींत एक मोठी गोष्ट घडली, तिनें या प्रकरणाची पुन्हां आठवण झाली. मुंबई उच्च न्यायालयाचें सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरांत सुरू झालें. त्यापूर्वीं आमच्याकडील पक्षकारास उच्च न्यायालयाच्या प्रत्येक तारखेस मुंबई गांठावी लागे. कित्येक दशकांची ही मागणी पुरी झाली, याचा आनंद कोणास झाला नाहीं? पण वाचकांनीं एक गोष्ट पाहावी. सी.पी.आर. रुग्णालयासमोरची जुनी न्यायालयाची इमारत सजविली आणि न्यायमूर्ति येऊन बसले, एवढ्यानें तें काम झालें नसतें. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांचीं प्रकरणें येथें चालतील, असें नांवें घेऊन ठरवावें लागलें. तसें ठरलें नसतें, तर सिंधुदुर्गाचा पक्षकार कोल्हापूर ओलांडून मुंबईसच जात राहिला असता, आणि दोष कोणाचा हें कोणासच कळलें नसतें. आमच्या शाखेंतही इमारत होती, न्यायाधीश होता. जिल्ह्याचें नांव तेवढें लिहावयाचें राहिलें होतें.

दुरुस्तीस तीन तास पुरले. नोंदवहींत शाखेच्या नांवची साइट केली. तिच्यापुढें तिची गल्ली लिहिली. यंत्रांस पत्त्यांची वही प्रथम शेजारच्या सर्व्हरची पाहावयास लावलें. व्यवस्थापक, दोन कारकून आणि त्यांचीं तिन्ही यंत्रें हीं यादींत घातलीं. ज्यासाठीं एक पैसाही खर्च नव्हता, तें काम वर्षभर पडून राहिलें होतें. आणि ज्याला पैसा लागतो, तें आम्हीं समारंभानें केलें होतें.

एवढें झाल्यावर पुतण्यानें एक अट घातली, ती आम्हांस सर्वांत मोलाची वाटते. तो म्हणाला, "काका, आतां तार स्वतःच्या हातानें काढा." आम्हीं ती काढली. कारकुनानें यंत्र नव्यानें सुरू करून आपलें नांव टाइप केलें. आठ-दहा सेकंदांत पडदा उघडला. 'सेट लॉगॉनसर्व्हर' म्हणतांच शेजारच्याच द्वारपालाचें नांव आलें. तेव्हांपासून संस्थेनें नियम केला आहे, कीं दरवर्षीं मृग लागण्यापूर्वीं प्रत्येक शाखेंत एकदां कोल्हापुराची तार मुद्दाम काढावयाची आणि तासभर कारभार करून पाहावयाचा. छप्पर गळतें कीं नाहीं हें पाहण्यास आपण पावसाची वाट पाहत नाहीं. मृगापूर्वींच माणूस वर चढवितों. त्यांतलाच हा प्रकार.

जुलै २०२१ मध्यें पंचगंगेनें पुन्हां सीमा सोडली. गगनबावड्याची वाट पुन्हां बुडाली, तारही गेली. त्या शाखेचा कारभार या वेळीं चालू राहिला. दुसऱ्या शाखेंतील भरणा तेवढा तार येईपर्यंत दिसत नव्हता, पण गांवांतल्या माणसाला गांवांतला पैसा मिळत होता. मागील खेपेच्या त्या वृद्ध बाई या वेळींही आल्या होत्या, असें व्यवस्थापकांनीं फोनवर सांगितलें. त्यांना काम झाल्याचें कांहीं विशेष वाटलें नाहीं. पैसे घेतले, छत्री उघडली आणि गेल्या.

हल्लीं कित्येक संस्था आपला द्वारपाल दूरच्या डेटा सेंटरांत ठेवतात आणि त्याला 'क्लाउड' म्हणतात. त्यांत सोयी पुष्कळ आहेत, आणि आमचा त्यास विरोध नाहीं. परंतु मेघांत बसविलेल्या द्वारपालाकडेही तारेनेंच जावें लागतें; ती तुटल्यास काय, हा प्रश्न तेथेंही उरतो.

तेव्हां वाचकांस एवढेंच सुचवावयाचें आहे. घरांतील मुलगा, सून किंवा जांवई एखाद्या शाखेंत काम करीत असेल, तर सकाळीं यंत्र उघडावयास किती वेळ लागतो, हें त्यांस सहज विचारावें. चहा पिऊन होत असेल, तर कोठें तरी नोंद राहिली आहे असा संशय घेण्यास जागा आहे. आणि ज्या पतसंस्थेंत आपली ठेव आहे, तिच्या वार्षिक सर्वसाधारण सभेंत लाभांशाचा प्रश्न झाल्यावर आणखी एक विचारावा : मुख्य कचेरीची तार काढून आपली शाखा शेवटची केव्हां चालवून पाहिली? सभेंत हा प्रश्न आम्हांस २०१८ सालीं कोणीं विचारला असता, तर आम्ही निरुत्तर झालों असतों, आणि त्या पांच दिवसांची रांग टळली असती.